चौदा दिवसांची नोंद

ललितने पोलादी पट्टी कागदावर दाबून धरली आणि चौथी उभी रेघ ओढली. निम्म्यावर टेबल हलले आणि रेघ उजवीकडे कलंडली. टेबलाखाली त्याची नऊ वर्षांची मुलगी मोहिनी उताणी पडली होती. तिची टाच टेबलाच्या पायावर एकसारखी आपटत होती.

"मोहिनी, पाय."

टाच थांबली. त्याने पाचव्या रेघेसाठी पट्टी सरकवली, तोवर ती पुन्हा सुरू झाली.

"कान हायेत का नाय पोरीला?" तांदूळ निवडता निवडता ललितची आई, विमलाबाई म्हणाली. "सरिता, तुझ्या लाडाचं फळ हे. आन् त्या साखरेचं. दोन वेळा दुधात साखर, वर बिस्किटं. अंगात रग मावंल का मग?"

ललितची बायको सरिता गॅलरीत वाळलेले कपडे झटकत होती. एकलहऱ्याच्या वसाहतीत घडी घालण्याआधी प्रत्येक कपडा झटकावा लागे. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख दोरीवर कधी उतरली, ते डोळ्यांना कळत नसे, बोटांना कळे. तिने मोहिनीचा फ्रॉक दोनदा झटकला आणि त्याची घडी घातली.

"साखरही लिहू, आई," ललित म्हणाला. "तिच्यासाठी रकाना ठेवलाय."

त्याने रकान्यांवर शीर्षके लिहिली. वेळ. काम. किती मिनिटे बसली. काय खाल्ले. घरच्यांनी काय केले. शेरा. अक्षर टपोरे होते. सतरा वर्षे तो केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये दर तासाला आकडे टिपत आला होता. गेज वाचण्याआधी काचेवर नखाने दोनदा टकटक करायची, अडकलेला काटा मोकळा होतो, ही त्याची सवय. तेच नख घरी मोहिनीच्या डोक्यावर वाजे. "लक्ष कुठंय?"

चौदा दिवसांची ही नोंद नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी मागितली होती. त्यांनी लक्ष न टिकणाऱ्या मुलांना लावतात ते चार इंग्रजी अक्षरांचे एक नाव उच्चारले, पण नोंद पाहिल्याशिवाय ते मोहिनीला लावायला त्या तयार नव्हत्या. ललितला हे आवडले होते. न आवडले ते त्यापुढचे.

"कॅरमला ही दोन-दोन तास बसते," त्याने त्यांना सांगितले होते. "म्हणजे मनात आणलं तर जमतंच की."

"लक्ष आहे तिच्याकडे," त्या म्हणाल्या होत्या. "ते कुठं वळवायचं, हे दर वेळी तिच्या हातात नसतं. तुमचं म्हणणं खरं असेल तर नोंदीत दिसेल. मत लिहू नका, दिसेल ते लिहा."

"दिसेलच," ललित म्हणाला होता.

त्याला खात्री होती. रेडिओखाली मुलींच्या निवासी शाळेचा अर्ज भरून ठेवला होता. फक्त सही राहिली होती. पहाटे पाचला उठणे, रांगेत जेवण, घंटेवर अभ्यास. पोर दोन वर्षांत सरळ होईल. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस मार्चअखेरचा. सरिताने एवढेच मागितले होते, "चौदा दिवस थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं."

नोंद सुरू झाली. गणित, सहा मिनिटे. गणित, चार. मराठी, नऊ. कॅरम, एकशे पंधरा. या आकड्याभोवती ललितने लाल शाईने गोल काढला. तिसऱ्या दिवसापासून विमलाबाईने साखरेचा डबा माळ्यावर ठेवला. पाच. चार. सात. सहाव्या दिवशी शेजारच्या बारशाला मोहिनीने तीन बुंदीचे लाडू खाल्ले. सहा.

"नीट मोजलंस का रे?" विमलाबाईने विचारले.

"घड्याळ लावून."

"मंग घड्याळ दाखवून आण कुणाला." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आन् पोरींना कुठं असतं असलं? पोरं अशी उधळतात. तू मातर बसायचास, दगडावानी."

सातव्या आणि आठव्या दिवशी ललित स्वतः शेजारी बसला. पट्टी समोर ठेवून. तीन मिनिटे. चार मिनिटे. पाचव्या रकान्यात त्याने लिहिले, रागावलो, दोन टिचक्या. दुसऱ्या दिवशी, रागावलो, तीन टिचक्या. शाई वाळेपर्यंत तो त्या शब्दांकडे बघत राहिला. इतकी वर्षे टिचकी वाजली की हवेत विरून जाई. कागदावर ती तशीच बसून राहिली होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी मोहिनी खिडकीखाली वही घेऊन बसली होती. बाहेर केंद्राच्या शीतक मनोऱ्यांची वाफ सावकाश करडी होत चालली होती. तिला अक्षरे दिसत नसतील म्हणून ललित उठला आणि तिच्या डोक्यावरच्या दिव्याच्या बटणाकडे त्याने हात नेला.

तिची मान खांद्यांत गेली. डोळे मिटले. पेन्सिल मात्र वहीवर चालत राहिली.

त्याने दिवा लावला. हात खाली घ्यायला त्याला जरा वेळ लागला. मग तो टेबलाशी येऊन बसला, कागद ओढून घेतला आणि पेनाचे टोपण काढून तसाच थांबला. नव्या मुलांना तो कंट्रोल रूममध्ये पहिल्याच दिवशी बजावत असे, दिसलं नाही ते लिहायचं नाही, आणि दिसलं ते गाळायचं नाही. त्याने शेऱ्यात लिहिले, "सायंकाळी ६.५०. दिव्यासाठी हात वर केला. मोहिनीने मान आत घेतली." मिनिटांचा रकाना त्या ओळीत रिकामा राहिला.

बाराव्या दिवशी त्याची पहिली पाळी होती. दुपारी तीनला तो घरी आला, चपला काढण्याआधीच टेबलाशी गेला आणि जागच्या जागी थांबला. सरिताच्या हस्ताक्षरात ओळ होती. भागाकार, बेचाळीस मिनिटे.

केंद्रातला एखादा रुसलेला वीजसंच सुरळीत फिरू लागावा तसे त्याच्या छातीत काहीतरी सुरळीत झाले.

"बघ," तो म्हणाला. "मी काय म्हणत होतो? मनावर घेतलं की बसते. त्या शाळेत रोज असंच बसवतील."

"बसली नव्हती," सरिता म्हणाली.

"म्हणजे?"

तिने ओल्या हाताचे बोट तिसऱ्या रकान्याच्या शीर्षकाखाली ठेवले. 'बसली' या शब्दावरून पेन्सिलीची एक बारीक रेघ गेली होती. वर तितक्याच बारीक अक्षरांत लिहिले होते, 'टिकली'.

"तुम्ही बसणं मोजत होता," ती म्हणाली. "मी आज गणित मोजलं."

"हे मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही रकाना बदलू दिला असता?"

तेवढ्यात जिन्यात धडधड झाली आणि खालून भिकनचा आवाज आला. भिकन तळमजल्यावर राहायचा, बॉयलरवर कामाला होता आणि त्याची रात्रपाळी चालू होती.

"ललितराव, घोडी पाळलीय का घरात? दुपारपासून नुसती दौड. झोपू द्या की माणसाला."

"झालंच भाऊजी, यांना दाखवायला अजून दोनच," सरिताने जिन्यातून सांगितले. मग वळून म्हणाली, "या, बघा."

ती खालच्या पायरीवर उभी राहिली. मोहिनी तिच्यासमोर या पायावरून त्या पायावर होत होती. मुठीत खडू.

"चौऱ्याऐंशी भागिले सात."

मोहिनी सुटली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. वर खडू घासल्याचा आवाज आला आणि मग पावले खाली कोसळत आली. धापा टाकत ती पुन्हा आईसमोर उभी राहिली. तिच्या कपाळावर खडूची पांढरी रेघ होती.

"एक्क्याण्णव भागिले तेरा."

पुन्हा ती गेली. ललित हळूहळू तिच्या मागे जिना चढला. दर मजल्यावर त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. वर गच्चीच्या दाराला लागून भिंतीवर, मोहिनीच्या हाताच्या उंचीवर, आकडे होते. वेडेवाकडे, काही उलट्या उतारावर घसरलेले. त्याने एकेक मोजला. अठरा. खिशातल्या पेनाने तो तळहातावर ताळा करू लागला. सरिताने आधीचे भागाकार मोहिनीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. मोहिनीने ते पान त्याच्या हातात दिले आणि त्याच्या बाजूला नाचत उभी राहिली.

"एक चुकलाय," अखेर तो म्हणाला.

"कुठला?"

त्याने बोट उचलले. तिची मान किंचित आखडली. बोट तिच्या डोक्यावरून पुढे गेले आणि भिंतीवरच्या अकराव्या आकड्याखाली टेकले. नख भिंतीला लागले, पण वाजले नाही. मोहिनीने त्या आकड्याकडे पाहिले, ओठ हलवले, तळहाताने तो पुसला आणि दुसरा लिहिला.

"आता?"

"आता बरोबर."

ती निघूनही गेली होती. जिन्यात पावले, मग खाली भिकनची हाक, मग सरिताचे हसू. ललित तिथेच थांबला. गच्चीच्या दाराच्या फटीतून मनोऱ्यांची वाफ दिसत होती. केंद्रात कुठला दाब कुठल्या नळीवर मोजायचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने पेन खिशाला लावले आणि तो जिना उतरू लागला.

रविवारी चौदावा दिवस होता. सकाळी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, पहिली नोंद घेऊन या आणि जमल्यास पुढचे चौदा दिवसही लिहीत राहा. ललितने पट्टी काढली. खणात कोरा कागद नव्हता. त्याने रेडिओ उचलला, खालचा कागद घेतला, तो टेबलावर पालथा घातला आणि पहिली रेघ ओढली.

विमलाबाईने चष्म्याच्या वरून पाहिले.

"आरं, तो कागद शाळेचा ना? सही करायची व्हती त्याच्यावर."

"मागची बाजू कोरी होती," तो म्हणाला.

टेबलाखाली टाच आपटू लागली. त्याने दुसऱ्या रेघेसाठी पट्टी ठेवली. टाच वर गेली की थांबायचे आणि खाली आली की पुढे जायचे, अशी त्याने ती रेघ ओढली. ती सरळ आली.