दाराबाहेरचं हँडल

"ओढ तात्याबा, ओढ!" शिवशरण साहेब ओरडले.

धुराची घंटा कर्कश वाजत होती. मशीन रूममधली माणसं धडाधड बाहेर आली होती. दाराबाहेर पहारेकरी तात्याबा लाल हँडल धरून उभा होता. हात मात्र हलत नव्हता.

आतल्या बंद, थंडगार खोलीत गिरणीच्या पगाराची कार्डं आणि ती वाचणारी यंत्रं होती. हँडल ओढलं की भिंतीलगतच्या नळकांड्यांतला गॅस आत सुटायचा. आग विझायची, आणि आत माणूस असला तर तोही. चाचणीच्या दिवशी आत अडकून मेलेली चिमणी तात्याबानंच उचलून बाहेर टाकली होती. तेव्हापासून तो त्या हँडलशेजारी रोज जीव मुठीत धरून बसायचा. बायको मायाक्कालाही त्यानं ही भीती सांगितली नव्हती.

"समदी भाईर आली का, साहेब?"

"आले रे सगळे! ओढ!"

दाराशी काढलेल्या चपला पळताना ज्यानं त्यानं पायात अडकवल्या होत्या. एक जोड, कार्डं लावणाऱ्या कमलम्माचा, तसाच पडला होता.

"कमलम्मा कुटं हाय?" म्हणत तात्याबानं हँडल सोडलं आणि तो आत घुसला. साहेबांचा हात त्याच्या सदऱ्यावरून निसटला.

छताखाली धूर कोंदला होता. कोपऱ्यातल्या यंत्रामागं जाळ दिसत होता. आता साहेबांनीच हँडल ओढलं तर? आडोशापलीकडं कमलम्मा पाठमोरी बसून कार्डं लावत होती. डोक्यावर घंटा ठणाणत होती.

"कमलम्मा! अवो, उटा की!"

तिनं मानही वळवली नाही. तात्याबाला एकदम उमगलं. आधीच्या मागखात्यातल्या मागांच्या खडखडाटात हिचे कान गेले होते, आणि हिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यानं दंडाला धरून तिला ओढलं. ती किंचाळली, मग तिला धूर दिसला.

दोघं बाहेर पडली. दार लागलं. तात्याबानं डोळे मिटून दोन्ही हातांनी हँडल ओढलं. आत गॅस फुसफुसत सुटला. कुणी आतून दार बडवतंय असं त्याला वाटत राहिलं.

आग विझल्यावर साहेब कमलम्माकडं वळले. "बाई, एवढी घंटा ऐकू आली नाही?"

ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. धुरात दिसली नव्हती एवढी भीती आता तिच्या डोळ्यांत होती. नवरा नव्हता, घर तिच्या पगारावर चालायचं.

"मीच थांबवलं हुतं, साहेब," तात्याबा म्हणाला. "कपाटाला कुलूप लावा म्हनलं."

"घंटा झाल्यावर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

त्याची बदली कोळशाच्या आवारात झाली. नव्या पहारेकऱ्याला, निंगप्पाला, त्यानं काम समजावून दिलं.

"घंटा झाली की आदी आत जायाचं. एकेकाला बगायचं. मगच हँडल."

"घंटा ऐकून येतील की ते."

तात्याबानं दाराच्या काचेतून आत पाहिलं. कमलम्मा मान खाली घालून कार्डं लावत होती.

"तरी जायाचं," तो म्हणाला. "हाताला धरून आनायचं."