घंटेनंतरचा दरवाजा

मी एका शाळेचा लोखंडी दरवाजा बोलतोय. मला बसवताना लोहार म्हणाला होता, "माप तुरुंगाचंच आहे, फक्त रंग निळा दिलाय." सगळे हसले. मीही कडी वाजवून हसलो.

शाळा सर्वांची, असं आत भिंतीवर लिहिलंय. पण आत कोण शिरतं आणि बाहेर कोण राहतं, हे मला विचारा. सातच्या घंटेला वॉचमनकाका मला कुलूप लावत. उशिरा येणाऱ्यांना पहिला तास बाहेरच. बहुतेक तीच ती मुलं, घरचं पाणी भरून, धाकट्यांना सांभाळून येणारी. मोठ्या बाई म्हणत, "यांना वळणच नाही!"

त्यांत दहावीतली एक मुलगी होती. आई दवाखान्यात रात्रपाळीची आया. ती परतेपर्यंत धाकट्या बहिणीला एकटं टाकून हिला निघता येत नसे. काका तिला लाडाने 'उशीरबाई' म्हणत.

पूर्वपरीक्षेचा दिवस उजाडला. पेपर बुडाला तर बोर्डाचा फॉर्म नाही, असा नियम. बाईंनी काकांना बजावलं, "घंटेनंतर एकाला जरी आत सोडलंत, तर उद्यापासून घरी बसा."

घंटा झाली. कुलूप लागलं. दहा मिनिटांनी ती धापा टाकत आली, कडेवर बहीण.

"काका, आई अजून आलीच नाही हो! पेपर वाटले का?"

काकांनी पायऱ्यांवर उभ्या बाईंकडे पाहिलं. तिने माझे गज घट्ट धरले. तळवे घामाने ओले होते.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांची गाडी आली. मागे गणवेशातली नात पेंगत होती. हॉर्न वाजला. काकांनी सवयीने मला उघडलं, गाडी आत गेली.

पायऱ्यांवरून बाई ओरडल्या, "बघत काय राहिलात? लावा कुलूप!"

काकांनी किल्ली मुठीत धरली.

"बाई, ही गाडीसुद्धा घंटेनंतरच आली ना?"

"तोंड सांभाळून बोला!"

काकांनी धाकटीला आपल्या कडेवर घेतलं. "पळ पोरी. हिला मी बघतो."

ती पळाली. तीन तास धाकटी काकांची शिट्टी फुंकत बसली.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. मुलीचा फॉर्म भरला गेला. ती पासही झाली. पेढे घेऊन आली, तेव्हा काका कुठे राहतात ते कुणालाच सांगता आलं नाही.

आता मी प्रयोगशाळेमागे गंजत पडलोय. नवा दरवाजा यंत्रावर चालतो, सातला आपोआप मिटतो. परवा त्याच्यापुढे एक पोर हाका मारून थकली. ऐकायला कुणी नव्हतंच.

दरवाजे बंद करायचे तर करा. पण किल्ली माणसाच्या हातात राहू द्या.