गरुडीच्या डोळ्यांवरची टोपी

मी टोपी बोलतेय. मिरवायची नव्हे, शिकारी गरुडीच्या डोळ्यांवर घालायची. अल्ताईच्या डोंगरात गरुडीकडून शिकार करणाऱ्या दलेलखानच्या बायकोने बकऱ्याच्या मऊ कातड्यातून मला शिवलं. डोळे झाकले की गरुडी मालकाच्या हातावर शांत बसते. कोल्हा दिसला की मला काढायचं. एवढंच माझं काम, पण मला त्याचा अभिमान होता.

आमच्याकडे गरुडीला जन्मभर ठेवत नाहीत. काही हिवाळे तिच्याकडून शिकार करून घ्यायची, मग वसंतात मेंढी कापून, तिला पोटभर खाऊ घालून डोंगरात सोडायचं. तिलाही पिल्लं व्हावीत की!

आमच्या गरुडीची वेळ आली आणि नेमके कॅमेरेवाले पाहुणे आले. दलेलखानने मेंढी कापली, मला काढलं, स्वतःचे डोळे पुसले. गरुडी उडाली. पाहुणे गहिवरले. त्यांची गाडी वळते न वळते तोच दलेलखानने सशाची तंगडी हलवून हाक मारली. उपाशी ठेवलेली ती, येणार नाही तर काय करेल? मेंढी घरच्याच कढईत शिजली. आणि मी पुन्हा तिच्या डोळ्यांवर!

मग काय, पाहुणे आले की निरोप. लाज कशी वाटत नाही?

घरात नवी सून होती, अकमारल. गरुडीला घालायचं मांस धुऊन, त्यातलं रक्त काढून द्यायचं काम तिचं. तसल्या फिक्या मांसाने भूक भागत नाही.

"मामंजी, तिला खरंच कधी सोडायचं?" तिने एकदा विचारलं.

"का? तुला जायचंय तिच्याबरोबर माहेरी? चहा ओत."

तिने ओतला. "गुणाची गं माझी सून, तोंड म्हणून नाही," सासू कौतुकाने म्हणाली.

पुढच्या निरोपाच्या सकाळी अकमारलने मांस धुतलंच नाही. लालभडक, चरबीसकट, गरुडीच्या गळ्याची पिशवी टम्म फुगेपर्यंत भरवलं.

गरुडी उडाली, पाहुणे गेले. दलेलखान तंगडी हलवून घसा बसेपर्यंत ओरडला, "ये गं बाई, ये!" गरुडीने समोरच्या कड्यावर बसून चोच पुसली आणि पलीकडे निघून गेली.

"सूनबाई, काय घातलंस तिला खायला?"

"निरोपाचं जेवण, मामंजी. तुम्हीच पाहुण्यांना सांगता ना, पोटभर घालतात म्हणून?"

"अगं बाई, हिला तोंड आहे!" सासू डोक्यावरच्या रुमालाआड हसली.

आता मी दाराशी खुंटीवर आहे. दलेलखान नवी गरुडी आणणार म्हणतोय. आणा. शिकारीला निघताना मला खुशाल घाला. पण एक ऐका. मी गरुडीचे डोळे झाकते. तुमची लबाडी झाकायला मला शिवलेलं नाही.