साबणाचा पट्टा

पैज लागली बेकरीच्या पायरीवर, चहा पिता पिता. बेकरीवाल्याच्या कुत्र्याचं नाव साबण, कारण तो कुठल्याही पट्ट्यातून निसटायचा. कान पाडले, मान मागे ओढली, की सुळकन बाहेर. त्या दिवशी तर स्वतःचाच रिकामा पट्टा तोंडात धरून आला.

"याला अडकवणारा पट्टा जगात बनलेला नाही," बेकरीवाला वैतागून म्हणाला.

"मी बनवतो."

"तू? काचवाल्या, तुला बुटाची नाडी बांधता येत नाही!"

"रविवारपर्यंत माझा पट्टा टिकला, तर तू चौकात चार पायांवर चालायचं. भुंकत. नळापासून बेकरीपर्यंत."

"आणि नाही टिकला तर तू! गळ्यात पट्टा घालून, दोरी माझ्या हातात."

समोरची लाँड्रीवाली वहिनी साक्षीदार झाली. तिला एवढं हसू आलं की कपातला चहा इस्त्री केलेल्या शर्टावर सांडला.

मी गेलो खोगीर शिवणाऱ्या काकांकडे. त्यांनी कच्चं कातडं दिलं, म्हणजे केस काढलेलं पण कमावलेलं नाही, असं. कोरडं असताना लाकडासारखं ठणठणीत. पाण्यात भिजवलं की ओल्या पुठ्ठ्यासारखं लुळं. त्याच्या वाद्या कापायच्या आणि चार पदरांची वेणी घालायची. माझी पहिली वेणी उंदरानं चावलेल्या शेपटीसारखी झाली. दुसरी बघून काकांनी चष्मा काढून ठेवला.

"ओलं असतानाच विण," ते म्हणाले, "पण आधी लाकडावर चढवून वाळव, आणि मगच..."

"हो हो," म्हणत मी पळालो. मला घाई होती.

डोकं चालवलं मी. बक्कल असलं की पट्टा सैल होतो, मग बक्कलच नको! सकाळी ओली वेणी साबणाच्या गळ्याभोवतीच विणली, टोकं एकमेकांत घालून शिवून टाकली. दोन बोटं आत जात होती. एका ठिकाणी पदर चुकला, तिथे भोक राहिलं. लोक हसतील म्हणून ती बाजू मी गळ्याखाली फिरवली. साबणानं मान मागे ओढली, पट्टा हलला नाही. मी तिथेच नाचलो.

दुपारी बायकोनं हाक मारली. "अहो, ही बाटली अशी का केलीत?"

उरलेल्या ओल्या वाद्यांची वेणी मी सरावाला म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर विणून खिडकीत ठेवली होती. आता तिथे ऊन आलं होतं. वेणी वाळून दगड झाली होती आणि बाटलीची कंबर चांगलीच आत गेली होती. मी बघत असतानाच कट्‌ असा आवाज झाला. बाटली आणखी थोडी चेपली.

काकांचं "आणि मगच" मला तेव्हा कळलं.

चप्पल न घालता पळालो. "वहिनी, साबणाला पाहिलंत का? मरेल तो!"

"मागच्या महिन्यात तुम्ही गटारात मगर आली म्हणून ओरडत होता," वहिनी इस्त्री न थांबवता म्हणाली, "आज साबण मरतोय! भावजी, आज मात्र झकास जमलंय हं, डोळ्यांत पाणीसुद्धा!"

दुकानापुढे उभे असलेले सगळे हसले. मी हात जोडले, तर टाळ्या पडल्या. आयुष्यभर ज्या हसण्यासाठी जीव टाकला, ते मागे टाकून मी बेकरीकडे पळालो.

बेकरीला कुलूप होतं. बेकरीवाला पाव पोचवायला गेलेला. फोन लावला.

"लवकर ये! पट्टा आवळतोय, साबणाचा जीव जाईल!"

"आणि ओव्हनमध्ये साप निघाला होता, तो कुठे गेला?" तो हसत होता. "आत झोपलाय साबण, ओव्हनच्या भिंतीला टेकून. हरायला लागलास म्हणून पट्टा पुन्हा शिवायला बघतोस काय?"

फोन बंद.

ओव्हनची भिंत. अख्ख्या गल्लीत तिच्याइतकी तापलेली जागा नाही.

जन्मभर काचा बसवल्या. दगड घेऊन फोडली ती ही पहिलीच. आत उडी मारली. अंधारात एक आवाज येत होता, पिशवीतून वारा निघावा तसा. साबण उभा होता, पाय फाकवून, जीभ बाहेर काढून. मला बघून शेपूट हलवायला गेला आणि बसलाच.

दोन बोटं काय, नखसुद्धा आत जाईना. पाव कापायची सुरी घेतली. वरून घासली तर दाते सरकले. जोर लावावा तर खाली गळा. पाणी ओतलं, कातडं भिजायला वेळ लागतो, आणि वेळ त्याच्याकडे नव्हता. घरघर थांबत चालली. "साबण्या, राजा, थांब रे," मी बडबडत होतो, आणि बोटं पट्ट्यावरून फिरत होती.

गळ्याखाली बोट अडकलं. ते भोक! चुकलेला पदर!

सुरीचं टोक त्यात घातलं, पातं बाहेरच्या बाजूला वळवून वर ओढलं. एक वादी तुटली. दुसरी. तिसरीला माझा अंगठा कापला. चौथी तुटली आणि साबणानं एवढा मोठा श्वास घेतला की माझ्याच छातीत दुखलं.

बेकरीवाला आला तेव्हा मी फुटक्या काचेत बसलो होतो, मांडीवर त्याचा कुत्रा. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला कापलेला पट्टा दिसला. मग खाली बसला आणि साबणाच्या गळ्यावरचा वळ हातानं चाचपत राहिला. खूप वेळ.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला.

"रविवारपर्यंत टिकला नाही पट्टा. हरलो मी."

"मरू दे ती पैज."

"नाही. पैज म्हणजे पैज."

रविवारी अख्खा चौक जमला. नळापाशी मी गुडघे टेकले. लाँड्रीवाली वहिनी पुढे उभी होती, काकांनी स्वतः शिवलेला बक्कलवाला पट्टा आणला होता. बेकरीवाल्यानं तो माझ्या गळ्यात घातला. लोक आधीच हसत होते. त्यानं पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली, बक्कल एक भोक सैल केलं, पुन्हा बोटं घातली.

"लागत नाही ना?" तो हळूच म्हणाला.

मी मान हलवली.

"मग भुंक."

माझ्या तोंडून आवाजच फुटेना. तेव्हा बाजूला उभा असलेला साबण, मोकळ्या गळ्यानं, माझ्या वाटणीचं भुंकला. मग मीही भुंकलो, आणि आम्ही तिघं बेकरीकडे निघालो.