मिनायोची उंबरं

त्या दिवशी सकाळी झऱ्यावर भांडण लागलं ते एका पिवळ्या डब्यावरून. शाळेत येताना प्रत्येक पोरानं पाण्याचा एक डबा आणायचा, हा तेव्हा आमच्या शाळेचा नेम होता. त्या पाण्यावर दुपारची मक्याच्या पिठाची उगाली शिजायची, हात धुतले जायचे, संडास धुतले जायचे. झरा भरून वाहायचा तेव्हा त्यात काही जड नव्हतं. पण आता नळकांड्यातून सुतळीएवढी धार पडत होती. माझी नात कसीवा उजाडताच रांगेत उभी होती, आणि कुणा बाईनं तिचा डबा मागं सारून आपला लावला. पोरगी रडायला लागली. शाळेची घंटा तर कधीच होऊन गेली होती.

मी, लुवाई, शाळा समितीचा अध्यक्ष. माझ्या शब्दाला मान होता, म्हणून बायका गप्प बसल्या. पण रांगेतली एक म्हातारी पुटपुटलीच, "बाईमाणसानं झाड लावलं तवाच ह्यो झरा नासला. समदं मिनायोच्या हातानं झालं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ऐकलं आणि खाली मान घालून चालता झालो. कितीतरी वर्षं मी हेच करत आलो होतो.

मिनायो म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. तो वारला त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं झऱ्याच्या वरच्या अंगाला उंबराच्या सहा फांद्या खोचल्या. आमच्यात बाईनं झाड लावायचं नसतं. झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, आणि जमीन बाप्यांची. बाईनं लावलं तर नवरा मरतो म्हणतात. हिचा तर आधीच मेलेला, तरी सगळ्या गावानं कालवा केला. चार जण बरोबर घेऊन मी गेलो आणि सहाच्या सहा फांद्या उपटून फेकल्या. पालवी फुटली होती त्यांना, अजून डोळ्यापुढं येते.

तिथंच दोनशे निलगिरी लावायचं मी ठरवलं. सरळ वाढतात, झपाट्यानं वाढतात. त्यांच्या खांबांवर शाळेला दोन वर्ग बांधू, असं चारचौघांत बोललो. लोकांनी पाठ थोपटली. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू.

लोक पांगल्यावर मिनायो एकटी माझ्याकडं आली. "भावजी," म्हणाली, "माझी उपटली त्याचं काय न्हाई. पन ही झाडं झऱ्यावर नगा लावू. माझ्या माहेरी लावली व्हती. पाच वर्सांत झरा पिऊन टाकला त्यांनी."

मी तिला म्हटलं, "वहिनी, तुमी आपली चूल बघा." आणि ती काय बोलली ते कुणाला सांगितलं नाही. घरात बायकोलाही नाही. आणि निलगिरी लावल्याच.

पाचव्या वर्षी धार बारीक झाली तेव्हा मला तिचं बोलणं आठवलं. पण तोवर गावानं सगळा ठपका तिच्यावर ठेवला होता, आणि ते माझ्या सोयीचं होतं. एकदा ती झऱ्यावर आली, तर बायकांनी आपापले डबे उचलून बाजूला नेले. त्या दिवसापासून ती दोन टेकड्यांपलीकडच्या ओढ्यावर जाते. साठीची बाई, डोक्यावर डबा, चढ-उतार. वाटेत दिसली की मी केळीच्या बागेत शिरायचो, तिला तोंड दाखवायला नको म्हणून.

त्याच सत्रात आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली. संडास बघून त्यांनी नाकाला रुमाल लावले. सत्र संपेपर्यंत पाण्याची सोय झाली नाही तर शाळेला कुलूप, असं मुख्याध्यापिका मुहोंजाबाईंना लिहून देऊन गेली. पुढची शाळा नदीपलीकडं. पावसाळ्यात कोण आपली पोर तिकडं धाडणार? त्यातून पोरींना तर नाहीच. बाईंनी धावपळ करून पाण्याचा जाणकार एक साहेब आणला आणि सगळ्या आईबापांना झऱ्यावर बोलावलं.

साहेब चिखलात गुडघे टेकून बसला. धारेखाली बाटली धरून किती वेळात भरते ते बघितलं. मग मान वर करून विचारलं, ही निलगिरी कुणाची? दहा जणांनी कौतुकानं माझ्याकडं बोटं केली.

"झरा आटला न्हाई," साहेब म्हणाला. "खाली यायच्या आधीच वर कुणीतरी पितंय. ही झाडं काढा, नि इथं उंबर लावा. मग मी टाकी बांधून शाळेत नळ देतो."

उंबराचं नाव निघताच जो तो जमिनीकडं बघायला लागला. पण गाव ते गाव. एक म्हातारा म्हणाला, साहेबाला आमच्या चाली काय ठाऊक, मुळात बाईचा हात लागला तिथंच बिघडलं. दुसरा म्हणाला, लुवाईला बिचाऱ्याला काय माहीत होतं? त्यानं चांगल्या मनानंच लावली.

इथं मी सुटलो असतो. लोक मला आयतं सोडवत होते. झाडं तोडली असती, नळ आला असता, आणि मिनायो तशीच टेकड्या चढत राहिली असती. पण कसीवा पोरींच्या घोळक्यात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी पुढं झालो.

"मला माहीत व्हतं," मी म्हणालो. "ही झाडं पाणी पितात, हे मला मिनायोवहिनीनं लावायच्या आधी सांगितलं व्हतं. मी ते दाबून ठेवलं. तुमी तिला नावं ठेवत व्हता तवा मी ऐकत बसलो. चूक माझी हाय."

माणसं एकेक करून पांगायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझी बायको इमाली डबा उचलून घराकडं निघून गेली. त्या दिवशी तिनं उगाली माझ्यापुढं ठेवली आणि पाठ करून बसली. "तिच्यापुढनं डबा उचलनाऱ्यांत मीबी व्हते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कुऱ्हाडी घेऊन आलं. आठवडाभर झाडं पडत होती. दोन मोठे पाऊस होऊन गेले आणि धार मनगटाएवढी झाली. साहेबानं टाकी बांधली, शाळेत नळ आला. पोरं रिकाम्या हातानं शाळेत जायला लागली. कुलूप टळलं.

उंबर लावायची वेळ आली तेव्हा मी मिनायोच्या दारात जाऊन उभा राहिलो. किती वर्षांनी. म्हटलं, वहिनी, तुमच्याच हातानं लावा. ती शेंगा सोलत होती. मान वर केली नाही.

"एकटी न्हाई लावनार," ती म्हणाली. "एकटीनं लावलं तवा काय झालं ते बघितलं. शाळंतल्या पोरींना धाडा माझ्यासंगं."

गावात कुजबुज झाली, पण आडवं यायला कुणाला तोंड उरलं नव्हतं. चाळीस पोरींनी चाळीस फांद्या खोचल्या. मिनायो काठी टेकत प्रत्येकीचा खड्डा बघत फिरली. कसीवाची फांदी वाकडी होती, ती तिनं उपटून पुन्हा लावायला लावली. आम्ही बाप्ये वर बांधावर उभे होतो, हात नुसते लोंबत होते.

मला वाटलं, फिटलं. पण निलगिरीचा बुंधा तोडला तरी मरत नाही. पाऊस पडला की फुटतो. रोज सकाळी मी कोयता घेऊन जातो आणि दोनशे बुंध्यांचे कोंब छाटतो. मागचे छाटून होईतो पुढचे फुटलेले असतात. हे माझ्या मरणापर्यंत पुरणार.

आणि मिनायो अजून ओढ्यावरच जाते. मी वाटेत अडवून म्हटलं, आता झऱ्याचं पाणी घ्या की. म्हणाली, "सवय झाली, भावजी."

म्हणून कोंब छाटून झाले की मी झऱ्यावर एक डबा भरतो आणि डोक्यावर घेऊन तिच्या दारात ठेवतो. आमच्यात बाप्ये पाणी वाहत नाहीत. बायका तोंडाला पदर लावून हसतात, पोरं मागून चालत येतात. हसू देत. डबा रोज रिकामा होऊन दाराबाहेर ठेवलेला असायचा. मला वाटायचं, पिते.

परवा कोंब छाटताना ती झऱ्याच्या उतारावर दिसली. डोक्यावर माझाच डबा. मला बघितलं, पण थांबली नाही. एकेका उंबरापाशी वाकून थोडं थोडं पाणी ओतत गेली. चाळीसही झाली तेव्हा डबा उपडा करून झटकला, डोक्यावर ठेवला आणि तशीच ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.