पांगा

मुकादमाने तोंडाभोवती हात धरून हाक दिली, "पांगाऽऽ!" आणि नवी सून हातातलं घमेलं टाकून थेट नवऱ्यामागे धावत सुटली.

खाणीत कामाला लागून तिला आठवडाही झाला नव्हता. इतके दिवस वरची माती काढणं चाललं होतं. आज पहिल्यांदाच कातळात तीन भोकं पाडून सुरुंगाची दारू ठासली होती. घरून निघताना नवऱ्याने एवढंच बजावलं होतं, "पांगा म्हटलं की माझ्यामागे यायचं नाही. तू भिंतीआड जायचंस." का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, कारण दोघांचा अबोला चालू होता. भांडण कशावरून झालं हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघांनी मन लावून धरला होता.

शब्द तिला नवा नव्हता. ढग पांगतात, कोंबड्या पांगतात, पाहुणे जेवून पांगतात. वडील गेल्यावर तिचे भाऊ पांगले, एकेक करत तीन दिशांना, आणि आईच्या बोलण्यात तो शब्द कायमचा येऊन बसला. तिला तो तेव्हापासून आवडत नसे. पण पांगणं आपसूक होतं, त्याचा कुणी ओरडून हुकूम देतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. पळा म्हणायच्या ऐवजी इथे पांगा म्हणत असतील, असं तिने ठरवून टाकलं. आणि पळायचंच तर आपल्या माणसाकडे पळायचं. अबोला गेला खड्ड्यात.

नवरा सुरुंगांना बत्ती देऊन उतारावरच्या शिळेकडे निघाला होता. मागे पावलं ऐकून तो वळला.

"परत जा!"

"अहो, पण..."

"जा म्हणतो ना! तिकडे!"

ती थांबेना, तसा तो वाकला आणि एक दगड उचलून त्याने तिच्या पायाशी फेकला. दगड तिच्या घोट्याजवळून उसळून गेला. पलीकडच्या आडोशातून कुणीतरी हसलं. तिचे कान तापले. ती माघारी फिरली आणि वाट दिसेल तशी भिंतीआड येऊन पडली.

भिंतीआड पाणीवाली मावशी आपल्या डब्यावर बसली होती. खाणभर पाणी पाजत फिरायचं हे तिचं काम. तिने नवीला खांद्याला धरून खाली दाबलं.

"डोकं आत घे."

"दगड मारला मला. सगळ्यांदेखत."

"लागला का?"

"नाही."

"मग कान झाक."

पहिला सुरुंग उडाला. जमीन पोटातून हलली, भिंतीवर बारीक खडी वाजली. लगोलग दुसरा उडाला. नवीने डोळे घट्ट मिटून तिसऱ्याची वाट पाहिली. मग एक डोळा उघडला. मावशीने कानांवरचे हात काढले होते.

"एक राहिला," मावशी म्हणाली.

खाणीत कुणी हललं नाही. धूळ हळूहळू खाली बसू लागली. उतारावरची शिळा पुन्हा दिसायला लागली. सुरुंगाला सगळ्यांत जवळचा आडोसा तोच होता, आणि शिळेच्या कडेला नवऱ्याच्या शर्टाचं टोक दिसत होतं.

"आता काय करतात?"

"थांबतात. आत वात जळत असली तर उडेल."

"आणि विझली असली तर?"

"ज्याने बत्ती दिली तो बघायला जातो."

नवी उठलीच. मावशीने तिचं मनगट पकडलं. एवढा जोर त्या हातात असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"सोडा मला. त्यांच्याजवळ जाते."

"त्याने दगड कशाला मारला, कळलं नाही का तुला अजून? तुझी सासू कुठे आहे?"

"त्या... वजनकाट्याच्या खोलीमागे."

"तू इथे, सासू तिथे, तो शिळेआड. एका घरातली दोन माणसं एका आडोशाला बसत नाहीत इथे. शिळा सरकली, भिंत पडली, तरी घरी जायला कुणीतरी उरावं. पळा म्हटलं तर माणसं एकमेकांचे हात धरून पळतात, पोरी. म्हणून इथे पळा म्हणत नाहीत."

नवी खाली बसली. तिला भीती वाटत होती, स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या दगडाचा तर आता रागच करता येईना. तिकडे मुकादम थांबा म्हणून एक हात वर धरून उभा होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. अखेर त्याने हात खाली घेतला. शर्टाचं टोक हललं. नवरा शिळेआडून उठला, त्याने एक पाय बाहेर टाकला.

नवीने मावशीचं बोट इतकं आवळलं की मावशी कळवळली.

तेवढ्यात तिसरा सुरुंग उडाला.

धुळीत काही दिसेना. दगड पडायचे थांबले, तसा मुकादम एकेका आडोशाचं नाव घेऊन हाका मारू लागला. वजनकाट्यामागून सासूचा "ओ" आला. भिंतीची हाक झाली, मावशीने दोघींची ओ दिली. मग शिळेची हाक झाली.

उत्तर आलं नाही.

मुकादमाने पुन्हा हाक दिली. आधी नुसता खोकला ऐकू आला, मग खूप खोकला, आणि मग वैतागलेला आवाज, "ओ! ओ म्हटलं ना! तोंडात माती गेलीय."

नवी हसू लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. धुळीने पांढरा झालेला नवरा खुरडत भिंतीपाशी आला. गुडघा फुटला होता, बाकी धड होता. त्याने तिच्या घोट्याकडे पाहिलं.

"उद्यापासून इथेच येईन," ती म्हणाली. "भिंतीआड. सांगावं नाही लागणार."

त्याने मान हलवली आणि तो मुकादमाकडे गेला. तिने डोळे पुसले. मावशी उठून डबा कमरेवर घेत होती.

"मावशी, तुम्हीही रोज इथेच असता ना? म्हणजे सोबत होईल."

"मी का?" मावशीने डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं. "मला कुठलाही आडोसा चालतो, पोरी."

आणि ती पाणी घेऊन शिळेकडच्या माणसांना पाजायला निघून गेली.