गेरूत मोकळा राहिलेला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. नुसता हात. वर खांदा नाही, मागे माणूस नाही. डोंगराच्या पोटातल्या एका गुहेत, भिंतीवर, तुमच्या डोक्याच्या जरा वर मी उभा आहे. किती जुना, म्हणून विचाराल तर नेमकं सांगता येणार नाही. मी उमटलो तेव्हा जगात शेत नव्हतं, मडकं नव्हतं, चाक नव्हतं. बोटं मात्र होती, आणि ती काहीतरी करायला शिवशिवत होती.

एक गंमत आधीच सांगून टाकतो. तुम्ही चित्र काढता तेव्हा जिथे चित्र असतं तिथे रंग असतो. माझं सगळं उलटं. माझ्या चारी बाजूंना लाल गेरू आहे, आणि मी आहे तिथे काहीच नाही. नुसता कातळ. मी म्हणजे रंग लागायची राहिलेली जागा! तरीही आत येणारा प्रत्येक जण बोट दाखवून म्हणतो, "तो बघ, हात!" काहीच नसलेल्या जागेकडे बघून लोक 'आहे' म्हणतात, याचं मला अजून नवल वाटतं. मी काही स्वतःहून झालेलो नाही. भोवतालच्या गेरूने मला मधे जागा दिली, म्हणून मी आहे.

आता माझ्या जन्माची गोष्ट ऐका.

ज्या बाईचा मी हात, तिने ओढ्याच्या काठावरून गेरूचे खडे उकरून आणले होते. ते तिने सपाट दगडावर बारीक वाटले. उजेडाला दगडाचाच दिवा होता. खोलगट दगडात जनावराची चरबी आणि शेवाळाची वात, एवढाच. छातीशी कातड्यात बांधलेलं तान्हं मूल होतं. तिने डावा हात कातळावर टेकवला, गेरूचं पाणी तोंडात घेतलं आणि पोकळ हाडाच्या नळीतून माझ्यावर फुंकलं. गार तुषार अंगावर आले. ती पुन्हा तोंड भरून घेते, तोच त्या पोराने झोळीतून हात बाहेर काढला आणि आईची करंगळी मुठीत पकडली.

ती करंगळी सोडवायला बघते, आणि पोर काही सोडेना. तोंडात गेरूचं पाणी, हसायची सोय नाही, तरी तिला हसू फुटलंच. माझ्या मनगटाखाली जे वेडेवाकडे थेंब उडालेले दिसतात ना, ते तिचं हसू आहे. शेवटी तिने तशीच फुंकर मारली. म्हणून मला बोटं चारच दिसतात, आणि करंगळीच्या जागी एक लहानसा, वाटोळा, कोरा ठिपका आहे. ती त्या पोराची मूठ.

तिने हे सगळं का केलं? मित्रांनो, ते मात्र मलाही ठाऊक नाही. तिने सांगितलं नाही, आणि मी नुकताच जन्मलो होतो. विचारायचं सुचलं नाही. दिवा उचलून ती निघाली. जाताना एकदा वळून बघितलं आणि मान हलवली. पसंत पडलो असेन असं मी आपलं धरून चाललो आहे.

माझ्या शेजारी एक भला मोठा गवा आहे. कोळशाने काढलेला, मान खाली घातलेला, आत्ता अंगावर येईल असा. येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघून "अबब!" करतो आणि मग माझ्याकडे वळून "हं" करतो. इतकी वर्षं शेजार केल्यावर मी ते मनाला लावून घेणं सोडलं आहे.

पुढे दरड कोसळली आणि गुहेचं तोंड बुजलं. मग अंधार. तुम्हाला वाटेल, बिचारा एकटा पडला. तसं काही नव्हतं. तो अंधार आईच्या पदरासारखा होता. ऊन नाही, वारा नाही, कोणाची धक्काबुक्की नाही. वर जगाने काय काय उलथापालथ केली असेल, याचा विचार करत मी निवांत होतो.

मग एके दिवशी रस्ता रुंद करणारे कामगार आले. कातळावर पहार मारली तर आवाज पोकळ आला. भोक मोठं करून त्यांच्या मुकादमाने बॅटरी आत धरली आणि तो ओरडलाच, "अरे, आत कोणीतरी हात वर करून उभंय!"

बाहेरून कोणीतरी म्हणालं, "मग बाहेर ये म्हणावं त्याला, रस्त्याचं काम अडलंय!"

काम खरोखरच अडलं. रस्ता बाजूने वळवला आणि विद्वान मंडळी आली. किती प्रेमाने बघायची मला! आणि किती तऱ्हेचे तर्क! एक म्हणाले, ही शिकारीची खूण, चार बोटं म्हणजे 'चार जण इकडून या'. दुसऱ्यांनी सांगितलं, करंगळी कापून देवाला वाहिली असणार, आणि खालचे थेंब रक्ताचे. तिसरे म्हणाले, थंडीने झडली. तो वाटोळा ठिपका कोणाला पूर्णचंद्र वाटला, कोणाला सूर्य. मला हसू येत होतं. पण खरं सांगतो, रागाचं नव्हे, कौतुकाचं. माझ्या एका बोटासाठी ही शहाणी माणसं जेवायची वेळ विसरून भांडत होती.

लोकांना गुहा दाखवायला एक बाई नेमली. सगळे तिला मावशी म्हणत. बाहेर तिकिटं फाडायला तिचा धाकटा दीर बसे. मावशी लोकांना आत आणायची आणि म्हणायची, "घाई करू नका. आधी डोळ्यांना अंधाराची ओळख होऊ द्या. मग हात आपणहून दिसतो." तिच्या आवाजात असा जिव्हाळा, की जणू घरातल्याच माणसाशी गाठ घालून देते आहे.

पण काही लोकांचं समाधान होत नसे. "फिकट आहे हो. फोटोत तर केवढा लाल होता!" असं कोणी म्हटलं की मावशीचा चेहरा उतरायचा. पोटच्या पोराला कोणी काळंसावळं म्हणावं तसं तिला लागायचं. फोटो काढणाऱ्यांनी भिंतीवर पाणी मारलं की रंग कसा उजळतो, हे तिने पाहिलं होतं. मग तीही ओला स्पंज घेऊन यायला लागली. सकाळी पहिली मंडळी येण्याआधी मला हळूच पुसायची. गेरू एकदम पेटल्यासारखा लाल व्हायचा आणि लोक "वा!" म्हणायचे. गवासुद्धा मागे पडायचा! मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

दीर चिडवायचा, "वहिनी, तुमच्या हाताची आंघोळ झाली का? सोडू का माणसं आत?"

"झाली, भाऊजी. आणि तुम्हीही कधीतरी करत जा."

असं बरीच वर्षं चाललं. मग हळूहळू माझ्या अंगावर पांढरी पूड फुटायला लागली. ओल धरलेल्या भिंतीवर फुटते तशी. तिला लोणा म्हणतात. मावशीला ती दिसली आणि ती घाबरली. घाबरून तिने काय केलं? आणखी पाणी मारलं. पुसलं की पूड दिसेनाशी व्हायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट यायची.

तेव्हा एक तरुण बाई आल्या. जुन्या भिंती, जुनी चित्रं दुखणाईत झाली की त्यांच्यावर इलाज करणाऱ्या. मावशीने त्यांचं नाव डॉक्टरीणबाई ठेवून टाकलं. त्या छताकडे बघत बसल्या. पाणी झिरपतंय कुठून, ते त्यांना कळेना. छत तर कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात मावशी बादली घेऊन आली. "अहो, असा फिकट काय बघताय त्याला! थांबा, जरा उजळ करून देते."

स्पंज माझ्या तळव्याला लागणार, तोच डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं. "मावशी! हे रोज करता?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाईंनी बादली बाजूला सरकवली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. पाणी कातळात मुरतं, तिथलं मीठ विरघळवतं, आणि वाळताना ते मीठ वर आणून ठेवतं. मीठ फुगतं आणि गेरूची पापडी उचलतं.

मावशीने स्पंज खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला रोज मीठ चोळत होते?"

"तुम्ही मायेने केलंत."

"मायेने केलं म्हणून मीठ गोड होतं का, बाई? पुसून काढा की आत्ताच्या आत्ता!"

"आत्ता हात लावला तर गेरूही निघेल. आधी पूर्ण सुकू दे. एक वर्ष दार बंद. दिवे नकोत, माणसं नकोत."

"माणसं का नकोत? माणसं कुठे पाणी मारतात?"

"श्वासही ओला असतो, मावशी."

"आणि मी?"

"तुम्हीही माणूसच ना."

किल्ली मात्र त्यांनी मावशीच्याच हातात दिली. लोखंडी दार लागलं. दाराला वर झरोका होता, तिथून बाहेरचं बोलणं ऐकू यायचं. त्यामुळे पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं म्हणा ना!

दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला चार दिवससुद्धा धीर निघायचा नाही."

निघाला. रोज सकाळी ती यायची, कुलूप ओढून बघायची आणि पायरीवर बसायची. लांबून आलेली माणसं विनवायची, रागवायची. ती म्हणायची, "दुखणाईत माणसाला भेटायला जाता तेव्हा दार लोटून आत घुसता का? मग!"

आणि एके दिवशी तिची स्वतःची लेक आली. परमुलखातून, फार वर्षांनी, कडेवर लेकीला घेऊन. मावशीने नातीला पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिचे मुके किती घेऊ आणि किती नको, असं तिला झालेलं मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

"आई, हिला हात दाखव ना. फोनवर सारखी सांगायचीस, नातीला आधी तिथे नेईन म्हणून."

मावशीने नातीचा आणखी एक मुका घेतला.

"एक मिनिट, आई. किल्ली तुझ्याचकडे आहे. कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही म्हणून तर किल्ली माझ्याकडे आहे."

"साऱ्या जगाच्या पोरांना दाखवलंस. आणि सख्ख्या नातीला नाही? परवा आम्ही जाणार. पुन्हा कधी येऊ, देव जाणे."

किल्ल्यांचा जुडगा वाजला. मित्रांनो, मी श्वास घेत नाही, पण त्या वेळी रोखून धरला असावा! मला त्या पोरीला बघायचं होतं. फार बघायचं होतं. आणि दार उघडू नये, असंही वाटत होतं.

"साऱ्या जगाच्या पोरांना दाखवला म्हणूनच तो आजारी पडला गं," मावशी म्हणाली. "माझ्याच हाताने पडला. आता पुन्हा नाही. रागव माझ्यावर. पण नाही."

लेक रागावलीच. तरातरा पावलं वाजली आणि लांब गेली. मावशी मागून गेली नाही. संध्याकाळपर्यंत ती दाराला पाठ लावून बसलेली होती.

वर्ष संपलं आणि डॉक्टरीणबाई आल्या. त्या एकट्याच आत शिरल्या. मऊ कुंचल्याने त्यांनी ती पांढरी पूड उडवायला सुरुवात केली. कोरडी झालेली पूड अलगद गळून पडू लागली. पहिलं बोट निघालं. दुसरं, तिसरं. तळवा. तो वाटोळा ठिपका. खालचे थेंब. मग त्या अंगठ्याशी आल्या आणि थांबल्या.

अंगठ्याभोवतीचा गेरू पुडीबरोबर सुटून आला होता. कातळाला कातळ मिळाला. मी सांगितलं ना, मी म्हणजे रंग नसलेली जागा. भोवतीचा रंग गेला की मीही राहत नाही. माझा अंगठा गेला, मित्रांनो. दुखलं नाही. फक्त, तिथपर्यंत मी होतो, आता नाही.

डॉक्टरीणबाईंनी दाराशी जाऊन ते मावशीला सांगितलं. "बाकीचा वाचला. वर्षभर तुम्ही दार उघडलं नाहीत म्हणून वाचला. आत या, बघा."

"नको."

"मावशी, या. थोडा वेळ चालेल."

मावशी उंबऱ्यावर आली. आत पाऊल टाकण्याआधी तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं, चुकून पुढे येईल म्हणून. मग छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून धरूनच ती माझ्यासमोर उभी राहिली.

एका श्वासात जेवढं बघता येतं तेवढं तिने बघितलं. गेलेल्या अंगठ्याकडे, मग उरलेल्या बोटांकडे. ठिपक्यावर तिची नजर अडली. कपाळाला आठी पडली. हे काय बरं असावं, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं मला पुसताना तिने हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. श्वास संपत आला, चेहरा लाल झाला, आणि ती वळून भराभर बाहेर गेली. बाहेर जाऊन तिने श्वास सोडला. झरोक्यातून तो मला ऐकू आला. आत त्याचा थेंबसुद्धा पोचला नाही.

दार पुन्हा लागलं आहे. आता ते वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच उघडेल, असं त्या दोघींनी ठरवलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर, जुन्या चित्रावर, जुन्या माणसांवरही प्रेम जरूर करा. पण आपल्याला आवडतं तसं त्यांना उजळवायला धावू नका. आधी विचारा, बाबा रे, तुला काय सोसतं? कोणी उत्तर दिलं नाही तर नवल करत उभे राहा, तर्क लढवा, चुका, पुन्हा विचारा. आणि कधी माझ्या दाराशी आलात, तर तिथे एक म्हातारी बाई पायरीवर बसलेली असेल. तिच्याकडे किल्ली आहे. ती मागू नका. तिच्या शेजारी जरा वेळ बसा, आणि तिला विचारा की तो ठिपका कशाचा असेल. ती रोज काहीतरी नवीनच सांगते.